जुन्या गाडीचा फ्युएल पंप: नवतपा (मेअखेरीला सुरू होणारे कडक उन्हाचे नऊ दिवस) लागण्याआधी करून ठेवायची तयारी

तुम्ही नुकतीच दहा-पंधरा वर्षं जुनी कार घेतली असेल, किंवा बाबांची गाडी आता तुमच्या हातात आली असेल, तर हा लेख तुमच्यासाठी आहे. ऑइल, टायर, बॅटरी यांच्याकडे सगळ्यांचं लक्ष असतं. फ्युएल पंप मात्र टाकीच्या आत बुडालेला असतो, कुणाला दिसत नाही, आणि त्याची आठवण गाडी रस्त्यात बंद पडल्यावरच होते. माझ्या २००८ सालच्या पेट्रोल गाडीचा पंप मे महिन्यात भंडारा रोडवर गेला. तेव्हापासून या विषयात मिस्त्री लोकांना विचारून, स्वतः उघडून बघून जे कळलं, ते क्रमाने लिहितो आहे.

दोन गोष्टी आधीच सांगतो, कारण पुढचं सगळं त्यांच्यावरच उभं आहे. पहिली, पंप बहुतेक वेळा सांगून जातो. कित्येक आठवडे तो इशारे देत असतो. दुसरी, गाडी बंद पडली आणि कुणी ‘पंप गेला’ म्हटलं, तरी अनेकदा पंप ठणठणीत असतो आणि दोष शे-दीडशे रुपयांच्या रिलेत (पंपाची वीज जोडणारा-तोडणारा छोटा स्विच) किंवा गंजलेल्या अर्थिंगमध्ये निघतो. म्हणून तयारी म्हणजे नुसता नवा पंप आणून ठेवणं नाही.

१. आपल्या गाडीत कोणता पंप आहे ते ओळखा

कार्ब्युरेटरची गाडी असेल (जुनी मारुती ८००, ओम्नी, पद्मिनी, अँबेसेडर) तर पंप इंजिनला चिकटलेला, यांत्रिक असतो. कॅमशाफ्टच्या हालचालीने आतला रबरी पडदा वर-खाली होतो आणि पेट्रोल ओढलं जातं. याला वीज लागत नाही, फ्यूज नाही, रिले नाही. बॉनेट उघडलं की दिसतो.

एमपीएफआय गाडी असेल, म्हणजे साधारण २००० सालानंतरची बहुतेक पेट्रोल कार, तर पंप विजेचा असतो आणि टाकीच्या आत असतो. चावी ऑन केली की कॉम्प्युटर त्याला दोन-तीन सेकंद चालवतो, लाइनमध्ये प्रेशर भरतो, आणि सेल्फ मारला नाही तर बंद करतो. या पंपाचं प्रेशर बहुतेक गाड्यांत ३ बारच्या (बार म्हणजे दाबाचं एकक) आसपास असतं. यांत्रिक पंपाचं याच्या दहाव्या हिश्श्याइतकंच. हा फरक लक्षात ठेवा, कारण कार्ब्युरेटरच्या जमान्यातले उपाय एमपीएफआयच्या लाइनवर करायला गेलात तर पेट्रोलची चिळकांडी सरळ अंगावर येते.

डिझेल गाडीचं गणित वेगळं. तिथे एक फीड पंप आणि पुढे हाय प्रेशर पंप असतो. सीआरडीआय (कॉमन रेल डिझेल) गाडीत पुढच्या पाइपमध्ये दाब हजार बारच्या वर जाऊ शकतो. चालू इंजिनवर तो पाइप सैल करायला जाऊ नका, त्या धारेने कातडी फाटून डिझेल आत शिरतं. डिझेलवाल्यांनी टाकी कोरडी पडू न देणं, वेळेवर फिल्टर बदलणं आणि वॉटर सेपरेटरमधलं पाणी काढणं एवढं सांभाळावं. बाकीचं काम डिझेलच्या मिस्त्रीचं. यापुढचा लेख मुख्यतः एमपीएफआय पेट्रोल गाडीबद्दल आहे, मध्ये मध्ये कार्ब्युरेटरवाल्यांसाठीही लिहिलं आहे.

२. पंप जायच्या आधी काय काय होतं

हे नीट वाचा. इशारे कळले तर तुम्ही गाडी तुमच्या सोयीने, घरापाशी, सकाळच्या गारव्यात दुरुस्त करता. नाही कळले तर ती तिच्या सोयीने बंद पडते.

आवाज. मागच्या सीटखालून ‘ऊंऽऽ’ असा बारीक, चढा आवाज येत राहणं. चावी ऑन केल्यावरचा दोन सेकंदांचा आवाज सगळ्या गाड्यांत असतो, तो दोष नाही. तोच आवाज पूर्वीपेक्षा मोठा झाला, गाडी चालू असताना रेडिओ बंद करून स्पष्ट ऐकू यायला लागला, तर पंप झिजतो आहे किंवा त्याच्या तोंडाची जाळी तुंबली आहे.

पिकअप. धरमपेठ ते सीताबर्डी गाडी मजेत चालते, पण हायवेला ओव्हरटेक करताना ॲक्सिलरेटर दाबला की झटके खाते. याचं कारण सोपं आहे. शहरात इंजिनला पेट्रोल थोडं लागतं, ते अशक्त पंपही पुरवतो. समृद्धीवर सलग शंभरच्या वर गाडी ठेवली की मागणी वाढते आणि पंप कमी पडतो. रामटेकच्या गडाच्या चढावर किंवा सेमिनरी हिल्सच्या वळणांवर गाडी भरलेली असताना दम तोडते का, तेही बघा. आपलं नागपूर सपाट आहे, त्यामुळे हा दोष इथे बराच काळ लपून राहतो.

गरम झाल्यावर बंद, गार झाल्यावर चालू. दुपारी बंद पडते, अर्ध्या तासाने काहीच झालं नाही अशी सुरू होते. झिजलेल्या पंपाची मोटर तापल्यावर अडकते, गार झाली की सुटते. पण सावधान, क्रँक सेन्सर (इंजिन फिरतं आहे हे कॉम्प्युटरला कळवणारा) आणि इग्निशन कॉइल (ठिणगीसाठी वीज देणारी) हेही असंच वागतात. पुढे सातव्या टप्प्यात ते वेगळं कसं करायचं ते सांगितलं आहे.

सकाळी लांब सेल्फ. रात्रभर उभी राहिल्यावर गाडी चटकन उचलत नाही. असं होत असेल तर एक प्रयोग करा. चावी ऑन करा, आवाज थांबू द्या, बंद करा. असं दोन-तीनदा करून मग सेल्फ मारा. लगेच सुरू झाली तर लाइनमधलं प्रेशर रात्री उतरून जातं आहे. पंपातला व्हॉल्व्ह गळतो आहे किंवा इंजेक्टर (इंजिनात पेट्रोल फवारणारा भाग). ही घाईची बाब नाही, पण वहीत नोंद करून ठेवा.

कार्ब्युरेटरवाल्यांसाठी वेगळा इशारा: डिपस्टिकचा (ऑइलची पातळी बघायच्या पट्टीचा) वास घ्या. ऑइलला पेट्रोलचा वास येत असेल, किंवा ऑइलची पातळी आपोआप वाढलेली दिसत असेल, तर पंपाचा पडदा फाटला आहे आणि पेट्रोल ऑइलमध्ये उतरतं आहे. अशी गाडी चालवू नका. पातळ झालेलं ऑइल बेअरिंग खातं.

३. टाकीचा काटा पावाच्या खाली जाऊ देऊ नका

टाकीतला पंप पेट्रोलनेच गार राहतो. पेट्रोल त्याच्या आजूबाजूला असतं आणि त्याच्या आतूनही वाहतं. लहान गाडीची टाकी ३०-३५ लिटरची असते. रिझर्व्हवर चार-पाच लिटर उरलेलं, वर नागपूरचं ४५ अंशांचं ऊन, खाली तापलेला डांबरी रस्ता, अशा वेळी ते थोडंसं पेट्रोलही कोमट होतं आणि पंपाला गारवा मिळत नाही. वळणावर पेट्रोल एका बाजूला गेलं की पंप क्षणभर हवा ओढतो. शे-दोनशे रुपयांचं पेट्रोल टाकत राहण्याची सवय जुन्या पंपाला सगळ्यात महाग पडते. मार्च ते जून तर मी अर्ध्या टाकीचाच नियम धरतो.

सीएनजी किंवा एलपीजी किट बसवलेल्या गाड्यांत हा धोका जास्त. पेट्रोल लागतंच कुठे म्हणून लोक टाकी कोरडी ठेवतात, आणि काही किटमध्ये गॅसवर चालतानाही पेट्रोलचा पंप फिरत राहतो. कोरडा फिरलेला पंप लवकर जातो. किटवाल्याला विचारा, ‘गॅसवर गेल्यावर पंप कट होतो का?’ होत असो वा नसो, टाकीत आठ-दहा लिटर ठेवा आणि आठवड्यातून थोडं अंतर पेट्रोलवर चालवा.

आता पेट्रोलबद्दल. आज पंपावर मिळणारं पेट्रोल २० टक्के इथेनॉलचं आहे. एप्रिल २०२३ पासूनच्या नव्या गाड्या त्यासाठी बनवलेल्या आहेत, आपल्या जुन्या नाहीत. इथेनॉल जुन्या रबराला मानवत नाही, नळ्या फुगतात, मग कडक होऊन तडकतात. ते पाणीही धरून ठेवतं. म्हणून जुन्या गाडीच्या सगळ्या रबरी पेट्रोल नळ्या वर्षातून एकदा हाताने दाबून बघा. चिकट लागली, भेगा दिसल्या, वास आला, तर बदला. गाडी पावसाळ्यात महिना-महिना उभी राहणार असेल तर टाकी भरून ठेवा. रिकाम्या जागेतल्या दमट हवेचं पाणी होतं, आणि पत्र्याच्या टाकीत तोच गंज होऊन पंपाच्या जाळीत येतो.

४. एका सकाळी घरीच करायची पाहणी

एक रविवार सकाळ काढा. ऊन चढायच्या आधी, मोकळ्या जागेत, आणि एक माणूस सोबत असू द्या.

गाडीच्या मॅन्युअलमध्ये फ्यूज बॉक्सचं पान काढा. मॅन्युअल नसेल तर फ्यूज बॉक्सच्या झाकणाच्या आतल्या बाजूला नकाशा असतो. फ्युएल पंपाचा फ्यूज कोणता, रिले कोणता, हे शोधून मोबाइलमध्ये फोटो काढा आणि फोटोवर खूण करा. रात्री पेंचच्या जंगलात टॉर्च धरून हे शोधणं फार अवघड आहे, आणि तिथे नेटवर्कही मिळेलच असं नाही.

रिले काढून त्यावरचा नंबर बघा. कित्येक गाड्यांत हॉर्नचा किंवा एसीचा रिले अगदी त्याच नंबरचा असतो. असेल तर तुमच्याकडे चालता-फिरता स्पेअर रिले आहे. अदलाबदल करून गाडी एकदा सुरू करून बघा, म्हणजे रस्त्यात शंका राहणार नाही.

सोबतच्या माणसाला चावी ऑन करायला सांगा आणि मागच्या सीटपाशी कान लावून ऐका. चांगल्या पंपाचा आवाज मोबाइलमध्ये रेकॉर्ड करून ठेवा. पुढे कधी शंका आली तर तुलना करायला काहीतरी हाती असतं. ही एक गोष्ट प्रत्येकाने करावी असं मला मनापासून वाटतं. दोन मिनिटांचं काम आहे.

मागची सीट उचलून बघा. अनेक गाड्यांत सीटखाली एक पत्र्याचं किंवा प्लास्टिकचं झाकण असतं, त्याखाली पंपाचं तोंड आणि सॉकेट. झाकण असेल तर पंप बदलणं तासा-दोन तासांचं काम. नसेल तर टाकी खाली उतरवावी लागते, मजुरी आणि वेळ दोन्ही वाढतात. हे आधी माहीत असलं की मिस्त्रीने सांगितलेली मजुरी वाजवी आहे का ते कळतं. सॉकेट काळवंडलेलं, वितळलेलं दिसलं, उंदरांनी वायर कुरतडलेली दिसली, तर पंपाआधी त्याची दुरुस्ती करा.

फोर्ड आणि फियाटच्या काही गाड्यांत एक सेफ्टी स्विच असतो. धक्का बसला की तो पंप बंद करतो. मोठ्या खड्ड्यात आपटूनही तो कधी कधी उडतो. वरचं बटण दाबलं की गाडी पुन्हा सुरू. तुमच्या गाडीत आहे का, कुठे आहे, ते मॅन्युअलमध्ये बघून ठेवा.

शेवटी बाहेरचा फिल्टर. तुमच्या गाडीत पेट्रोल फिल्टर टाकीबाहेर असेल आणि तो कधी बदलला हे कुणालाच ठाऊक नसेल, तर आत्ताच बदला. तुंबलेल्या फिल्टरमधून पेट्रोल ढकलताना पंपावर ताण येतो, तो तापतो. पंपाचं आयुष्य वाढवायचा यापेक्षा स्वस्त उपाय नाही.

५. डिक्कीत आणि कप्प्यात काय असावं

सामान:
• त्याच आकड्याचे तीन-चार फ्यूज आणि एक रिले
• साधा मल्टिमीटर किंवा बारा व्होल्टचा टेस्ट लॅम्प
• डोक्याला बांधायची टॉर्च
• परावर्तित त्रिकोण, आणि जमल्यास चमकणारं जॅकेट
• टोचनचा मजबूत दोर किंवा पट्टा, आणि गाडीसोबत आलेला टोचनचा हूक (जुनी गाडी घेताना हा हूक नेमका गायब असतो, बघून घ्या)
• स्क्रू ड्रायव्हर, पक्कड, १० आणि १२ नंबरचे पाने, दोन नळीच्या क्लिपा
• एक किलोचं पावडरचं अग्निशामक
• पाणी. मे महिन्यात माणशी दोन लिटर तरी, आणि दुपट्टा

कार्ब्युरेटरवाल्यांनी याशिवाय पंपाचं पडद्याचं किट आणि गॅस्केट ठेवावं. स्वस्त आहे, आणि छोट्या गावातल्या मिस्त्रीलाही ते बसवता येतं, पण जुन्या मॉडेलचं किट तिथे मिळत नाही.

कागदपत्रं:
• आरसी, विमा, पीयूसी, लायसन्स. डिजिलॉकर किंवा एमपरिवहनमधली प्रत चालते, पण मोबाइलची बॅटरी संपते, म्हणून झेरॉक्सही ठेवा
• चासी नंबरचा फोटो. पार्ट मागवताना लागतो
• विम्यासोबत रोडसाइड असिस्टन्स घेतला असेल तर त्याचा फोन नंबर कागदावर लिहून

गाडी पंधरा वर्षांच्या पुढे गेली असेल तर आरटीओत पुनर्नोंदणी झाली आहे का आणि पर्यावरण कर भरला आहे का, हेही तपासा. एमएच ३१ असो, ४० असो की ४९, मुदत संपलेली आरसी असताना क्रेनवर गाडी नेणं आणि विम्याशी बोलणं दोन्ही जड जातं.

विम्याबद्दल एक गैरसमज. पंप आपोआप जळाला, तर नेहमीची विमा पॉलिसी त्याचे पैसे देत नाही. यांत्रिक आणि विजेचे बिघाड त्यात वगळलेले असतात. रोडसाइड असिस्टन्स वेगळं घ्यावं लागतं, आणि गाडीच्या वयाची अट असते. नूतनीकरणाच्या वेळी स्पष्ट विचारा: किती किलोमीटरपर्यंत टोइंग फुकट, आणि माझ्या गाडीच्या वयाला लागू आहे का?

६. रस्त्यात बंद पडली तर

गाडी झटके खायला लागली की लगेच डावीकडे घ्या. गती आहे तोवरच ती बाजूला जाते. इंजिन बंद पडल्यावर स्टिअरिंग जड होतं आणि ब्रेकचा जोर दोन-तीन दाबांत संपतो, त्यामुळे ब्रेक एकदाच, घट्ट आणि सलग दाबा. पंपिंग करू नका. वर्धा रोडच्या डबलडेकर पुलावर बाजूला घ्यायला जागा नसते, म्हणून गाडी कुरकुरत असेल तर पुलावर चढूच नका, खालच्या रस्त्याने जा.

हॅझर्ड लाइट लावा. त्रिकोण गाडीच्या किमान पन्नास पावलं मागे, हायवेवर त्याहून दूर. प्रवाशांना डाव्या दाराने उतरवून रेलिंगच्या पलीकडे, सावलीत उभं करा. समृद्धीवर गाड्या १२०ने येतात, तिथे गाडीत किंवा गाडीच्या मागे थांबू नका. याला एकच अपवाद: मनसरच्या पुढे देवलापारकडचा जंगलाचा पट्टा, किंवा उमरेड-कऱ्हांडल्याच्या अभयारण्याच्या बाजूचा रस्ता. रात्री तिथे गाडी रस्त्याच्या पूर्ण बाहेर असेल तर काचा वर करून आतच बसा.

आता क्रमाने:

काटा बघा, पण त्यावर विसंबू नका. जुन्या गाडीचा फ्लोट (टाकीत तरंगून पातळी सांगणारा भाग) अडकलेला असतो, काटा पाव दाखवतो आणि टाकी रिकामी असते. शेवटचं पेट्रोल कधी टाकलं ते आठवा.

चावी ऑन करून ऐका. आवाज आला तर पंपाला करंट मिळतो आहे. नाही आला तर फ्यूज बघा. उडालेला असेल तर त्याच आकड्याचा टाका. पुन्हा लगेच उडाला तर वायर कुठेतरी शॉर्ट आहे किंवा पंप जाम आहे, तिथे थांबा. मोठ्या आकड्याचा फ्यूज किंवा चांदीचा कागद घालू नका, वायरिंग पेटतं.

फ्यूज ठीक असेल तर रिलेची अदलाबदल करा. सेफ्टी स्विच असेल तर दाबा.

तरीही आवाज नाही? मग शेवटचा उपाय. एकाने सेल्फ मारायचा आणि दुसऱ्याने टाकीच्या तळाला रबरी हातोडीने किंवा बुटाच्या टाचेने हलके ठोके द्यायचे. झिजलेल्या मोटरचे ब्रश अडकलेले असतील तर अशा ठोक्याने ती पुन्हा फिरते. लोखंडी पाना वापरू नका, ठिणगी पडते. आणि गाडी सुरू झाली तर ती दुरुस्त झाली असं समजू नका. एसी बंद करा, जास्त न तापवता सरळ घरी किंवा जवळच्या मिस्त्रीकडे न्या. मध्ये इंजिन बंद करू नका.

सेल्फ एका वेळी पाच-सात सेकंदांच्या वर मारू नका, मध्ये अर्धा मिनिट थांबा. नाहीतर पंपाच्या जोडीला बॅटरीही जाते, आणि मग तपासणीच करता येत नाही.

कार्ब्युरेटरची गाडी भर उन्हात ट्रॅफिकमध्ये बंद पडली, तर पंप नसून पेट्रोलची वाफ झालेली असण्याची शक्यता मोठी. बॉनेट उघडा, पंपावर आणि नळीवर ओलं फडकं ठेवा (डिस्ट्रिब्युटर आणि वायरवर पाणी जाऊ देऊ नका), पंधरा-वीस मिनिटं थांबा.

मदत हवी असेल तर राष्ट्रीय महामार्गावर १०३३, आणि जिवाला धोका वाटला तर ११२. टोचन करून नेताना चावी ऑन ठेवा, नाहीतर स्टिअरिंग लॉक होतं. ऑटोमॅटिक गाडी दोराने ओढू नका, तिला क्रेनवरच चढवा.

‘डायरेक्ट’ करून देतो असं कुणी म्हटलं तर ठामपणे नाही म्हणा. म्हणजे बॅटरीपासून पंपापर्यंत सरळ वायर, मध्ये रिले नाही, फ्यूज नाही. गाडी सुरू होते, माणूस खूश होतो. पण अपघात झाला, पाइप फुटला, इंजिन बंद पडलं तरी पंप पेट्रोल ओततच राहतो. कॉम्प्युटर पंप बंद करतो तो नेमका याच कारणासाठी. अशी ‘डायरेक्ट’ केलेली सेकंडहँड गाडी तुमच्या वाट्याला आली असेल तर आधी ते मूळच्यासारखं करून घ्या.

७. पंपच गेला आहे का, याची खात्री

पंप विकत घ्यायच्या आधी या तीन तपासण्या झाल्याच पाहिजेत.

पहिली, आरपीएमचा (इंजिनचे फेरे दाखवणारा) काटा. सेल्फ मारताना काटा थोडासा हलतो का? अजिबात हलत नसेल तर क्रँक सेन्सरवर संशय घ्या. क्रँक सेन्सर मेला की कॉम्प्युटरला इंजिन फिरतं आहे हेच कळत नाही आणि तो पंप चालवतच नाही. चावी ऑनचा आवाज येतो, पण गाडी उचलत नाही. चोरीविरोधी इमोबिलायझरचा दिवा लुकलुकत असेल तर दोष तिकडे.

दुसरी, करंट. पंपाच्या सॉकेटवर चावी ऑन केल्याच्या त्या दोन सेकंदांत, सॉकेट जोडलेलं असतानाच व्होल्टेज मोजा. बॅटरीच्या व्होल्टेजपेक्षा अर्ध्या व्होल्टहून जास्त कमी मिळत असेल तर वायर, सॉकेट किंवा अर्थिंग खराब आहे. नवा पंप घातला तरी तोही रडतच चालणार. व्होल्टेज पूर्ण आहे आणि पंप फिरत नाही, तर पंप गेला.

तिसरी, प्रेशर. पंप फिरतो पण गाडी दम तोडते, तेव्हा प्रेशर गेज लावल्याशिवाय काही ठरवता येत नाही. मिस्त्रीला म्हणा, ‘भाऊ, आधी गेज लावून प्रेशर बघा, पंपाचं मग ठरवू.’ ज्याच्याकडे गेज नाही आणि जो नुसत्या अंदाजाने पंप बदला म्हणतो, त्याच्याकडून ऑइल बदलून घ्या, पंप नको. प्रेशर कमी आलं तर आधी फिल्टर आणि जाळी, मग पंप.

८. पंप घेताना

नुसती मोटर मिळते आणि पूर्ण असेंब्लीही मिळते, म्हणजे मोटर, जाळी, फ्लोट, प्रेशर रेग्युलेटर सगळं एकत्र. मोटर बरीच स्वस्त पडते. फ्लोट नीट दाखवत असेल आणि प्लास्टिकचा सांगाडा तडकलेला नसेल तर नुसती मोटर बदलायला हरकत नाही. गाडी पंधरा वर्षांची असेल आणि काटाही खोटं बोलत असेल, तर असेंब्लीच घ्या. तीच मजुरी दोनदा देण्यात अर्थ नाही.

मोटर घेतली तरी नवी जाळी आणि टाकीच्या तोंडाचं नवं रबरी सील घ्यायचंच. जुनं सील फुगलेलं असतं, पुन्हा बसत नाही, आणि मग गाडीत पेट्रोलचा वास येत राहतो.

कंपनीचा ओरिजिनल पार्ट, नाहीतर बॉश, डेन्सो, डेल्फी यांसारख्या बनवणाऱ्यांचा घ्या. घाट रोडच्या स्पेअरपार्टच्या दुकानांत जाताना जुन्या पंपावरचा नंबर आणि चासी नंबरचा फोटो सोबत न्या. ‘अमक्या गाडीचा पंप द्या’ एवढं सांगून चालत नाही, एकाच मॉडेलमध्ये साल बदललं की पंप बदलतो. डब्याची छपाई, होलोग्राम, पंपावर कोरलेला नंबर जुळवून बघा. पक्कं बिल मागा. बिलाशिवाय पंप परत घेणारा दुकानदार मला अजून भेटलेला नाही. भंगारातला, दुसऱ्या गाडीतून काढलेला पंप घेऊ नका. तो किती झिजला आहे हे बाहेरून कळत नाही.

गाडीचं उत्पादन बंद झालं असेल तर पंप आत्ताच, चालू असतानाच मागवून ठेवा. बंद पडल्यावर मागवला तर गाडी पार्ट येईपर्यंत अंगणात उभी राहते. आणून ठेवलेला पंप डब्यातच, कोरड्या जागी ठेवा. बॅटरीला लावून ‘चालतो का बघू’ करू नका, कोरडा फिरवल्याने नवा पंपही खराब होतो.

९. बदलताना तिथे उभे राहा

काम मिस्त्री करणार असला तरी हे तुम्ही बघायचं. पेट्रोलची वाफ हवेपेक्षा जड असते, ती जमिनीलगत पसरते आणि लांबच्या ठिणगीनेही पेट घेते. त्यामुळे बंद शटरच्या आत हे काम नको. आजूबाजूला वेल्डिंग, ग्राइंडर, विडी-सिगारेट नको. उजेडासाठी बॅटरीची एलईडी टॉर्च, तारेचा बल्ब नको. अग्निशामक हाताशी.

आधी लाइनमधलं प्रेशर काढा: पंपाचा फ्यूज काढून इंजिन सुरू करा, ते आपोआप बंद पडेल. मग बॅटरीची निगेटिव्ह वायर काढा. टाकीत पेट्रोल जितकं कमी तितकं काम सोपं, म्हणून या दिवसापुरता अर्ध्या टाकीचा नियम बाजूला ठेवा.

पंप बाहेर आला की टाकीत टॉर्चने बघा. तळाला गाळ, तांबूस गंज, पाण्याचे थेंब दिसले तर टाकी साफ करूनच नवा पंप बसवा. पंप पुन्हा पुन्हा जाण्याचं सगळ्यात मोठं कारण हेच आहे, आणि घाईत सगळ्यात आधी हीच पायरी गाळली जाते. जुना पंप आणि जुनी जाळी परत मागा. जाळीचा रंग बघूनच टाकीत काय आहे ते कळतं.

१०. बसवल्यावर

सीट लगेच बसवू नका. दहा-बारा लिटर पेट्रोल टाका, चावी तीन-चारदा ऑन-ऑफ करून लाइन भरू द्या, मग सुरू करा. झाकण उघडं ठेवूनच सीलभोवती आणि नळ्यांच्या जोडांवर टॉर्च मारा, ओल दिसते का बघा. नंतर टाकी पूर्ण भरून पुन्हा बघा. काही गळती भरल्या टाकीलाच दिसते.

मग एसी लावून आउटर रिंग रोडवर एक चक्कर. चढत्या वेगात झटका नाही, मागून आवाज नाही, काटा भरलेली टाकी बरोबर दाखवतो आहे, एवढं झालं की सीट बसवा. किलोमीटर, तारीख आणि पार्ट नंबर बिलावरच लिहून बिल गाडीच्या कप्प्यात ठेवा. बाहेरचा फिल्टर बदलायचा राहिला असेल तर त्याच दिवशी बदला, आणि नव्या पंपाचा आवाज मोबाइलमध्ये रेकॉर्ड करून जुनी फाइल काढून टाका.